चाळीस मिनिटांनी गप्प होणारं सॉफ्टवेअर

आमच्याकडे एक नियम आहे बघा, मोठ्या काकांनी ठरवलं की ठरलं, मधे प्रश्न विचारायचे नाहीत. बाबांच्या कॉम्प्युटरचंही त्यांनीच ठरवलं. बाबा जन्मापासून आंधळे, मिलमध्ये टेलिफोन ऑपरेटर होते. मिल बंद पडल्यावर कितीतरी वर्षांनी आमच्या शहरातल्या पलासिया भागातल्या एका ऑफिसातून त्यांना टायपिंगच्या परीक्षेचं बोलावणं आलं. परीक्षा तासाभराची, आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ज्याचं त्याने आणायचं.

काकांनी एका महागड्या सॉफ्टवेअरची ट्रायल कॉपी आणली. ती दर चाळीस मिनिटांनी गप्प व्हायची, मग कॉम्प्युटर पुन्हा चालू करावा लागायचा. मी इंटरनेटवरून फुकट मिळणारं दुसरं टाकलं. ते थांबत नव्हतं.

"काढ ते," काका म्हणाले. "फोकटच्या चीजेवर काय भरोसा? आणि आवाज तर ऐक, जसं काही नाकातून बोलतोय!"

"काका, चाळीस मिनिटांनंतर बाबा काय करतील?"

"रीस्टार्ट करेल, अजून काय!"

"दादाला कळतं गं," आत्या म्हणाली.

बाबा कीबोर्डवर बोटं ठेवून बसले होते. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला कुठलं हवंय?" हे तोवर कोणी विचारलंच नव्हतं.

"न थांबणारं," ते हळूच म्हणाले.

"मग मी ते काढणार नाही, काका."

काका आत्याकडे बघत राहिले आणि आत्या चहाच्या कपाकडे. बाबांनी टायपिंग सुरू केलं. त्यानंतर बराच वेळ आमच्या घरात फक्त तो नाकातला आवाज बोलत होता.