दादाची फायनल

हसू नका, पण माझ्या दादाच्या दहाव्याला रामकुंडावर कावळा शिवला तो एका गेममुळे.

आम्हा दोघा भावांत हातात धरून खेळायचं गेमचं एकच मशीन. त्यातली जागा संपलेली. मला कुस्तीचा गेम टाकायचा होता, पण त्यासाठी दादाचा क्रिकेटचा उडवावा लागणार होता. तो म्हणायचा, "फायनल राहिलीय रे माझी. तेवढी खेळू दे, मग काय टाकायचं ते टाक." फायनल राहिलीच. दादा अपघातात गेला.

दहाव्याला पिंड ठेवला, तर कावळे भिंतीवर बसून नुसते बघत होते. काका हात जोडून म्हणाले, "आईकडे आम्ही बघू." एकही कावळा हलला नाही. मामा म्हणाले, "तुझ्या ताईचं लग्न थाटात करू." तरी नाही. आई रडायला लागली, "माझं लेकरू कशात अडकलंय?"

मला राहवलं नाही. ओरडलोच, "दादा, तुझा क्रिकेटचा गेम उडवत नाही! फायनल मी जिंकून देतो!"

गुरुजी माझ्यावर डोळे वटारतायत तोवर एक कावळा खाली उतरला आणि पिंडाला चोच लावून गेला.

काकांना अजून वाटतं, तो त्यांच्याच शब्दावर आला. वाटू दे.

फायनल मी अजून लावलेली नाही. रोज सराव करतो. परवा हा माझा मित्र अस्लम मला विचारतो, "आणि हरलास तर?"

म्हटलं, "वेडा आहेस का? कावळा जेवून गेलाय. आता हरायची सोय नाही."