काळा कोट चारोटीला आला

मी, सौ. मनोरमा वासुदेव चुरी, वय ६३, धंदा सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, रा. मसोली, डहाणू रोड, ता. डहाणू, जि. पालघर. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील ठिकाणी पती वासुदेव यांच्यासह राहते. पती रेल्वेत तिकीट तपासनीस होते. ते निवृत्त झाले, सवय निवृत्त झाली नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्याला ते आमंत्रण कोणाकडून, असं विचारतात. आमचा मुलगा दर्शन सहकुटुंब अमेरिकेत असतो. त्याला एक लहान मुलगी आहे.

गेल्या वर्षी आम्ही उभयता त्याच्याकडे सहा महिने राहिलो. तिथे त्याने आम्हा दोघांना एकसारखे फोन हप्त्यावर घेऊन दिले. परत आल्यावर मी माझ्या फोनात इथलं सिमकार्ड घातलं, तर ते चालेना. दर्शन म्हणाला, "आई, फोनला तिकडच्या कंपनीचं लॉक आहे. हप्ते फिटले की कंपनी काढते. अजून दीड वर्ष." पतीच्या फोनात मात्र कार्ड चाललं. आपला नंबर जुना आहे म्हणून चालतो, असं ते गावभर सांगत. खरं कारण मला माहीत होतं, ते पुढे येईल.

घरात वायफाय नाही. एका घरात दोन बिलं कशाला, असं पतीचं म्हणणं. त्यामुळे पतीच्या फोनच्या हॉटस्पॉटवर मी नातीशी व्हिडिओवर बोलते. तिची झोपायची वेळ म्हणजे आपली सकाळ. नेमके तेव्हा पती समुद्रावर फिरायला जातात आणि हॉटस्पॉट त्यांच्या खिशातून किनाऱ्यावर जातो. थांबलेच, तर शेजारी बसून ऐकतात. सून विचारते, "आई, बाबा त्रास तर देत नाहीत ना?" आता ते मांडीला मांडी लावून बसलेले असताना मी काय सांगणार? परवा नात म्हणाली, आजीची गोष्ट नेहमी अर्धीच असते. त्या दिवशी मी भाजी चिरताना रडले. कांदा नव्हता, दुधी होता. हे लिहायची गरज नाही, असं लिहून घेणारे हवालदार उमेश म्हणाले. मी म्हटलं, लिहा.

चारोटीला लॉक काढून देतात असं कळल्यावरून मी पतीकडे विषय काढला. पती म्हणाले, "हप्ते बाकी आहेत तोवर कुलूप कंपनीचं." मी म्हटलं, "दर्शन हप्ते भरतोय ना? बुडवतोय का? मुलगी सासरी दिली म्हणून तिला माहेरी बोलायची बंदी असते का?" त्यावर पती म्हणाले, "आज कुलूप तोडशील, उद्या विनातिकीट जाशील." पालथ्या घड्यावर पाणी. मी विषय सोडला, म्हणजे सोडल्यासारखं केलं.

आज सकाळी महालक्ष्मीला ओटी भरून येते असं सांगून मी इको गाडीने निघाले. हे खोटं नाही. आधी ओटी भरली, मग चारोटीला प्रविणच्या मोबाईलच्या दुकानात गेले. प्रविणने अगोदर विचारलं, "काकी, फोन तमारोज ने? तुमचाच ना?" मी फोनचा खोका दाखवला. तो म्हणाला, "फोनचा मूळ नंबर, तो आयएमईआय, बदलायचं काम मी नाय करत, तो गुन्हा आहे. लॉक काढणं वेगळं. पण तिकडच्या कंपनीशी काय करार केलाय ते तुमचं तुम्ही बघा." मी म्हटलं, बघितलाय. करार इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात होता, तो मी लांबून बघितला होता.

काम अर्ध्यावर आलं असताना मी मान वर केली, तर दारात पती. कपाटातला खोका गायब बघून ते मागोमाग आले होते. बाहेर भाजून काढणारं ऊन, आणि अंगात नोकरीतला काळा कोट. कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. पती म्हणाले, "सगळ्यांनी आपापल्या फोनची बिलं काढा. जागेवरून हलायचं नाही."

आपण सरकारी अधिकारी आहोत असं पती कुठेही म्हणाले नाहीत, हे मी शपथेवर सांगते. त्यांना कोणी विचारलंच नाही. कोट बघून लोकांनीच रांग लावली.

रांगेत पहिला लाहू नावाचा इसम होता, झरीचा, ता. तलासरी. चार्जर बदलायला आला होता. तो म्हणाला, "बिल कुठलं साहेब, फोन सासऱ्यानं दिलाय." पती म्हणाले, "मग सासऱ्याचं बिल." सोमी नावाच्या बाईने रेशनकार्ड पुढे केलं. पतीने ते उलटसुलट पाहून "चालेल" म्हटलं. एक इसम काउंटरवरून उडी मारून मागच्या दाराने गेला. त्याने काय केलं होतं देव जाणे. त्याची एक चप्पल ठाण्यात जमा आहे. बिल नसलेल्यांना पतीने बाकावर बसवलं आणि "पुढच्या स्टेशनला उतरवतो" असंही बोलून गेले.

शेजारच्या दुकानदाराने कळवल्यावरून हवालदार उमेश तिथे आले. पतीने त्यांच्याकडेही बिल मागितलं. त्यांनी दाखवलं नाही. हे वाक्य खोडू नये ही विनंती.

हवालदार म्हणाले, "आजोबा, ही तोतयागिरी झाली. आत जाल." पती म्हणाले, "जाईन. पण नियम म्हणजे नियम, माझी बायको असली तरी." तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी चारचौघांत म्हटलं, "अहो, आधी तुमचं तिकीट दाखवा."

पतीला समजलं नाही. मग मी सांगितलं. आम्ही निघायच्या आधी दर्शनने त्यांचा फोन तिकडच्या एका दुकानात नेऊन लॉक काढून आणला होता. कंपनीला विचारलं नव्हतं. माझा फोन न्यायला वेळ उरला नाही. "बाबांना सांगू नकोस, ते फोन विमानतळावर परत करतील," असं दर्शनने मला बजावलं होतं. म्हणजे वर्षभर पती डहाणूच्या किनाऱ्यावर रोज विनातिकीट फिरत होते.

पतीने फोन काढून पुढून मागून पाहिला. प्रविणने तपासून सांगितलं, "काका, खोललेला छे." पतीने कोट काढला, घडी घातली आणि बाकावर लाहूच्या शेजारी जाऊन बसले. लाहूने सरकून जागा दिली. म्हणाला, "बसा साहेब. तुमचं पण बिल सासऱ्याकडं?" मी हसले. नंतर त्यांचं तोंड बघून वाईट वाटलं.

लॉक काढणं कायद्यात बसतं का, हे मी इथे ठाण्यात विचारलं. एक साहेब बसतं म्हणाले, दुसरे नाही म्हणाले. तिसऱ्यांनी मेव्हण्याचा फोन दुबईहून येतोय, हा प्रविण किती घेतो, असं विचारलं.

माझी प्रविणविरुद्ध तक्रार नाही. पतीविरुद्ध पुष्कळ आहे, पण ती पोलिसांनी घेण्यासारखी नाही. त्यांना सोडावं. माझा फोन चौकशीसाठी ठेवून घेतला आहे, तो लवकर मिळावा, सकाळी नात वाट बघते.

पतीने आपलाही फोन जमा करा असा आग्रह धरला. जागा नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातात दिला. म्हणाले, "नियमाबाहेरचा फोन मी वापरणार नाही. तू ठेव. सकाळी मी नुसताच फिरायला जाईन, जरा लांबवर जाईन. तू गोष्ट पुरी कर." म्हणजे गुन्हा माझ्या पदरात टाकला. तो मी आनंदाने घेतला आहे, हेही लिहावं.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला, तो मी बोलले तसाच उतरला आहे. पतीच्या नावामागे "आरोपी" लिहिलं होतं, ते माझ्यासमोर खोडलं. म्हणून सही करते.

सौ. मनोरमा वासुदेव चुरी