घंटा गेली आणि नाव निघालं

...आणि वर मला म्हणतो, नाना, घाबरू नका, खरं बोलणाऱ्याला हे यंत्र काही करत नाही. मला म्हणतो. तुम्हाला सांगतो, जळगावात घेवरचंद शेठच्या कापसाच्या जिनच्या फाटकावर मी सव्वीस वर्षं उभा, कपाशीची गाडी येवो की मामलेदाराची, नाव विचारल्याशिवाय आत सोडली नाही, आणि शेठचा हा मुंबईचा जावई, ज्याला सरकी कुठली आणि रुई कुठली हे बोटाने दाखवावं लागतं, तो मला खरं बोलायला शिकवणार? सव्वीस वर्षं फाटकावर. एक शब्द खोटा नाही.

झालं काय, घंटा गेली. फाटकावरची. शेठच्या आजोबांनी आणलेली, पितळी, दोन हातांनी उचलावी लागे अशी. तासातासाला मी टोल द्यायचो आणि तिकडे आमच्या मेहरूण वस्तीतल्या बाया त्यावर चूल पेटवायच्या. चौऱ्याहत्तर सालचा दसरा. दसऱ्याला जिनमध्ये यंत्रांची पूजा असते, तेव्हा घंटाही उतरवतात. मी उतरवली, तेलपाणी करणाऱ्या झिपरूने चिंच लावून घासली, पारसमल मुनीमजींनी हापिसात झेंडूची माळ घालून ठेवली, किल्ली त्यांच्या कमरेला. दुसऱ्या दिवशी टांगायला गेलो तर माळ आहे, घंटा नाही. आता विचार करा, जिनमधून बाहेर जायला वाट एकच, फाटक. फाटक माझं. म्हणजे चोर तरी मी, नाहीतर आंधळा तरी मी. दोन्हींतलं काय पत्करायचं माणसाने?

पोलिसात जाऊ म्हटलं तर शेठ म्हणतात, "नको नाना, घंटेसाठी फौजदार आला तर बाजारात तोंड दाखवायला जागा नाही." आणि नेमका हा जावई, मोतीलाल, दसऱ्याला आलेला. त्याची कंपनी परदेशातून यंत्रं आणून विकते, एक त्याच्या पेटीतच होतं. खोटं पकडायचं यंत्र. शेठनी तिथल्या तिथे फर्मान काढलं, ज्याचं खोटं निघेल त्याने उद्यापासून जिनमध्ये पाऊल ठेवायचं नाही. घंटेला हात लागलेले तिघं. झिपरू, मुनीमजी आणि मी.

यंत्र म्हणजे काय, तर छातीला पट्टा, दंडाला डॉक्टर बांधतात तसली फुगणारी पिशवी, बोटांना तारा, आणि समोर कागद सरकतोय, त्याच्यावर पेनं आपोआप चालताहेत. मोतीलाल आधी साधे सवाल विचारणार, ज्यांचं उत्तर खरंच येणार असे. मग घंटेचा. साध्या सवालापेक्षा घंटेला पेन उंच उडालं की तो खोटा. एवढं सोपं, म्हणे.

झिपरू बाभळीचा काटा घेऊन माझ्याकडे आला. "नाना, तुम्ही बी एक लई ल्या. वहाणमा ठेवाना. साध्या सवालले दाबाना, पेन तठेच उडस, मंग घंटाले उडनं तरी कोणले समजत नही." साध्या सवालालाच काट्यावर पाय दाबायचा, ही युक्ती पानवाल्याने शिकवलेली. मी म्हटलं, अरे, तू चोरली का? नाही म्हणाला. मग काटा कशाला? तर म्हणे, "भ्याव वाटस." मी काटा घेतला नाही. खरं बोलायला काटा लागतो का कधी?

बसला झिपरू. नाव विचारलं, गाव विचारलं, घाम पुसण्याच्या नादात पाय दाबायचा राहिला. मोतीलाल म्हणाला, "घंटा तू नेलीस?" तेव्हा आठवलं. असा दाबला, असा दाबला की पेन कागद सोडून टेबलावर गेलं. झालं. झिपरू चोर.

मग मुनीमजी. त्यांचा उपवास, डोळे मिटलेले, मनात नवकार मंत्र चालू. कुठल्याही सवालाला पेन हलेना. सरळ रेघ, पाटीवर पट्टी ठेवून ओढावी तशी. मोतीलालने दोनदा विचारलं, "मुनीमजी, ऐकताय ना?" तिसऱ्यांदा नाडी बघितली.

मग मी. ताठ बसलो. नाव? अभिमन. गाव? भडगाव. आणि हा बाबा सहज विचारतो, "बायकोचं नाव?"

आता तुम्हाला सांगतो, आमच्यात घरच्यांचं, म्हणजे बायकोचं, नाव घेत नाहीत. एकदा घेतलं होतं, लग्नात, तेही करवल्यांनी दार अडवून धरलं म्हणून. पुढे चाळीस वर्षं, 'ऐकलं का', 'अहो पोरांची आई', एवढ्यावर संसार झाला, काही अडलं नाही. इथेही तुमच्यापुढे घेणार नाही, वाट बघू नका. पण तिथे शेठ, जावई, मुनीमजी, दारात झिपरू, आणि न सांगावं तर खोटा ठरतो. घेतलं. कान तापले, छातीत जिनचा पट्टा फिरावा तसं झालं, आणि सगळी पेनं अशी नाचली की मोतीलाल उठून उभा राहिला. मग घंटेचं विचारलं. तिथे काय, सपाट. मी नेलीच नव्हती.

मोतीलाल कागद बघतो, मला बघतो. सासऱ्यांना म्हणतो, "मामाजी, घंटेचं हे खरं बोलतात. बायकोचं नाव खोटं सांगतात."

शेठनी मला बाजूला घेतलं. हळूच विचारतात, "नाना, दुसरं घर आहे का कुठे?"

मला. सव्वीस वर्षं फाटकावर, एक शब्द खोटा नाही, त्या मला.

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. कोणी पोचवली माहीत नाही, घंटा नसतानासुद्धा मेहरूणला सगळं कळतं. घरचे उंबऱ्यावर उभे, दोन्ही हात चौकटीला. एकच सवाल. "भडगावले कोण शे?"

त्या दिवशी मी पडवीत जेवलो. पुढेही तिथेच.

आठव्या दिवशी धुळ्याहून शेठना पत्र आलं. देवपूरच्या एका शाळेचं. घंटा मिळाली, आभारी आहोत, मुलांना वेळ कळते. शेठच्या मातोश्री, लाडकुंवरबाई, पूजेला आल्या होत्या, हापिसात मुनीमजींसमोर घंटा बघून ड्रायव्हरला म्हणाल्या, ठेव गाडीत, शाळेला देऊ. मुनीमजी तेव्हाही नवकारात. शेठनी विचारलं, आई, सांगितलं का नाही? "मला कोणी विचारलं?" म्हणाल्या. आणि फाटकातून ती गेली कशी? शेठच्या घरची पडद्याची गाडी, तिच्यात डोकवायचं नाही, सलाम करायचा, हा शेठचाच नियम. मी घंटेला सलाम केला.

झिपरूला परत घेतलं, तो अजून लंगडतो. यंत्र पेटीत गेलं. शेठ मला म्हणाले, नाना, मनावर घेऊ नका. मी घेतलं नाही. पण घरी कोण सांगणार? शेवटी मीच पडवीतून सांगितलं, दुसरं कोणी नाही, नाव घ्यायची सवय नाही, म्हणून पेन उडालं. हे वाक्य बोलायला मला दोन दिवस लागले.

घरच्यांनी ऐकून घेतलं. म्हणे, "चार लोकेसनामोरे लिधं, मनामोरे कधीच नही. आते रोज ल्या. सवय व्हई." चारचौघांपुढे घेतलं, त्यांच्यापुढे मात्र कधी नाही, हा राग.

तेव्हापासून रोज पाळी सुटली की चौकटीला दोन हात आणि "नाव ल्या, मंग मझार या." नाव घेतल्याशिवाय आत पाऊल नाही. शेजारच्या बाया भांडी घासायचं थांबवून ऐकतात. सव्वीस वर्षं मी फाटकावर लोकांना अडवून नाव विचारलं, आता हे फाटक मला अडवतं.

घेतो. हळू घेतो. कान अजून तापतात.