मागच्या सीटवरचं पोतं

नाय नाय, ते निळं हेल्मेट नका उचलू भाऊ. ठेवा खाली. आत नाक घातलंत ना, तर सकाळचे पोहे बाहेर येतील – अख्ख्या बॅचला ते एकच हेल्मेट, अन् सगळ्यांच्या डोक्याचं तेल त्यात मुरलंय. कुणाचं आवळ्याचं, कुणाचं मोहरीचं, एक जण तर मेंदी लावून येतो. मी घरून फडकं आणतो, डोक्याला बांधतो, मगच घालतो – तरी आमची बायको सगुणा म्हणते, आधी आंघोळ, मग घरात पाय. बसा ना. बसा हो, बाकडं पुसलंय मी. चौकशीलाच आलात ना क्लासच्या? मग शोरूमच्या ऑफिसात कशाला विचारता, तिथं गुळगुळीत कागद देतील हातात, त्यावर एक हसरा माणूस गाडीवर बसलेला – इथं कुणी हसत नाय. मी वाल्मीक. अंबडला कंपनीत हाय, प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशिनवर. ए, दोन चहा दे रे इकडं – घ्या हो, चहाला काय नाय म्हणायचं.

तो बघा, तो शिट्टीवाला, तो आपला मास्तर. राज सर. सर म्हणायचं त्याला. माझ्या पोरीपेक्षा दोन वर्षांनी लहान असंल, पण सर. अन् मला काय म्हणतो? अंकल. ‘अंकल, क्लच. अंकल, ब्रेक. अंकल, पाय वर.’ सगळ्या मैदानासमोर. इनकमिंग फुकट झाल्यापासून तर कानाचा मोबाईल सुटत नाय त्याचा – इकडं मी विटांना धडकतोय अन् तिकडं हा हसतोय फोनवर. पहिल्या दिवशी काय शिकवलं सांगू? गाडी ढकलायची. इंजिन बंद. नुसती हाताला धरून मैदानाला चक्कर, म्हैस पाण्यावर न्यावी तशी. म्हणे गाडीचं वजन कळलं पाहिजे. अरे, मी लोखंडात जन्म काढला, मला वजन काय कळवतो? बाजूनं कॉलेजची पोरं जातात, ती ओरडतात, ‘काका, पेट्रोल संपलं का?’ – मेल्याहून मेल्यासारखं होतं. मग त्या विटा मांडल्यात ना, त्यांच्यामधून आठचा आकडा काढायचा. बालवाडीत गिरवला तेव्हा एवढा त्रास नव्हता झाला. अन् मग पोतं.

पोतं म्हणजे – ते तिकडं पडलंय बघा, झाडाखाली. वाळूचं. आठ जमायला लागला की मागच्या सीटवर ते पोतं बांधतात दोरीनं, म्हणजे डबलसीटची सवय. कुत्री रात्रभर त्याच्यावर लोळतात, अन् नको ते पण करतात. सकाळी दव पडलं की असा वास सुटतो – गाडी चालवताना तो पाठीला चिकटून येतो. शिसारी येते. पण आता माझं पोतंबितं झालं सगळं. आता फक्त शेवटचं राहिलंय. ते सांगतो नंतर.

काय? नाय हो, आधी कधीच नाय चालवली. हसा, हसा तुम्ही. एवढा बाप्या माणूस अन् मोटरसायकल येत नाय. गावाकडं चांदवडला होतो तेव्हा सायकल, इकडं आलो तेव्हा सिटी बस, अन् नंतर मल्हारी. मल्हारी म्हणजे आमच्याच प्रेस शॉपचा, मखमलाबादचा. घरचा फुलांचा मळा, झेंडू-शेवंती बाजारात जाते, अन् हा नोकरी करतो. रोज गाडी घेऊन पंचवटीत यायचा, कोपऱ्यावर हॉर्न द्यायचा, मी मागं बसायचो. कामावर येताना-जाताना, ऊन असो, पाऊस असो. लग्न लागल्यावर बायको सुद्धा एवढी मागं बसत नाय कुणाच्या. गेटवरचे वॉचमन मला नावानं ओळखत नव्हते – ‘डबलसीट आला’ म्हणायचे.

अन् मागं बसणं म्हणजे काय सुख वाटलं का तुम्हाला? तो तंबाखू खातो. सारखी. बार भरल्याशिवाय गाडीला किक मारत नाय. अन् थुंकताना सांगत नाय, हात दाखवत नाय – डायरेक्ट. वेगात हाय गाडी, वारा समोरून, थुंकी कुठं जाणार? मागं. मागं कोण? मी. सुरुवातीला किती शर्ट गेले माझे. सगुणा म्हणायची, चहाचे डाग असते तर निघाले असते, हे तंबाखूचे जाता जात नायत. मग मी शिकलो. त्याच्या मानेवर लक्ष ठेवायचं. मान जरा डावीकडं कलली की आपण उजवीकडं झुकायचं. खांदा वर उचलला की समजायचं, खोकणार. कानामागं घाम आला की समजायचं, घरी भांडून आलाय, आज बोलायचं नाय. त्याच्या मानेवरची एक-एक सुरकुती पाठ हाय मला. किळस यायची हो – दुसऱ्याची मान अशी नाकासमोर, रोज. सोडून द्यावं म्हणलं कितींदा. अन् दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजला की परत आपला मागं.

आता हा पोरगा मास्तर मला काय म्हणतो – ‘अंकल, लांब बघा. चाकाकडं नका बघू, लांब रस्त्याकडं बघा.’ बघतो की. पण नजर जातच नाय लांब. ती इथंच येऊन थांबते, हातभर अंतरावर. का ते मला कळेना. परवा कळलं. एवढी वर्षं मल्हारीची पाठच होती ना समोर. द्वारका चौक कसा दिसतो मला विचाराल तर नाय सांगता येणार, खरंच – डावीकडचं सांगतो, उजवीकडचं सांगतो, समोरचं नाय माहीत. समोरचं तो बघायचा. मी आपला पोतं.

मग आत्ताच कशाला शिकायचं? बरोबर विचारलंत. सगळे हेच विचारतात. मी सांगतो, काळी स्प्लेंडर बुक केलीय, मग शिकायला नको? आमच्याकडं काय पद्धत हाय, लोक आधी गाडी आणतात, हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, नारळ फोडतात – अन् मग गाडी पोर्चमध्ये, चालवणारा कुणी नाय. आमच्या गल्लीतल्या झिपरूनं तेच केलं. वर्षभर साडी पांघरून ठेवलीय गाडी, दर शनिवारी उदबत्ती. असली थेरं मला नाय आवडत. म्हणून आधी क्लास. असं सांगतो मी लोकांना.

चहा गार होतोय तुमचा.

खंडेनवमीला मशिनची पूजा असते ना, तुमच्याकडं पण असंल कुठं नोकरीला. आमच्या इथं सगळ्या प्रेसला हार घालतात. हार मल्हारीच आणायचा, घरच्या मळ्यातले, बायकोनं ओवलेले – हे असे जाड, झेंडूचे. दुकानातला हार घातलेला त्याला चालायचा नाय. दसऱ्याची सुट्टी झाली, दुसऱ्या दिवशी मशिन चालू. हार काढायचे असतात आधी, पण कोण काढतो? देवाचा हार हाय, आपोआप सुकू दे, असं म्हणतात सगळे. सुपरवायझर पण म्हणतो. अख्ख्या शॉपमध्ये कुणीच काढला नव्हता. तर दुपारी मल्हारीच्या प्रेसवरच्या हाराचा दोरा सुटला. फुलं डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, पडली. आता फुलं ती, पडली तर पडली, चेंगरली तर चेंगरली – पण नाय. पूजेचं फूल पत्र्याबरोबर डायखाली कसं जाऊ द्यायचं? यानं हात घातला. फुलं उचलायला. अन् पाय पॅडलवर. वीस वर्षं एकच काम केलेला पाय तो, हात आत गेला की पत्रा ठेवला असं समजतो. दाबला त्यानं.

मधली तीन बोटं. उजवा हात.

मी पलीकडच्याच मशिनवर होतो. नको, ते नाय सांगत. चहा पिताय तुम्ही. फक्त एवढं सांगतो, त्या दिवसापासून मला झेंडू सहन होत नाय. परवा दिवाळीत सगुणानं दाराला तोरण बांधलं, मी तोडून फेकलं बाहेर. तो वास – त्यात तेलाचा वास मिसळतो माझ्या नाकात, अन् अजून एक. घाण वाटते. देवाच्या फुलाची घाण वाटते मला, सांगा.

तर उजव्या हातानंच रेस द्यायची असते, तुम्हाला माहीतच हाय. पुढचा ब्रेक पण उजवाच. दवाखान्यातून घरी आला त्याच दिवशी त्यानं गाडी देऊन टाकली, नामपूरच्या मेव्हण्याला. कुणाला विचारलं नाय, बायकोला नाय, मला नाय. दारात उभी दिसायला नको म्हणाला. अन् आता साहेब म्हणतात, ये सोमवारपासून, तुला टूल स्टोअरला बसवतो – चांगलंच केलं म्हणायचं त्यांनी. पण पहिली पाळी. अन् वेळेवर. वरचे लोक टपूनच बसलेत, दोन-चारदा उशीर झाला की म्हणणार, बघा, जमत नाय याला, काहीतरी देऊन घरी बसवा. मखमलाबादहून पहिल्या पाळीला पोचवील अशी बस नाय. कंपनीची गाडी तिकडं जात नाय. रिक्षा एवढ्या पहाटे कोण आणतो? घरी बसला तर तो संपला, भाऊ. मळ्यात त्याचे भाऊ हायेत, त्याला तिथं काय काम? फुलं तोडायला सुद्धा बोटं लागतात. आत्ताच असा बसतो दिवसभर ओट्यावर – तंबाखू मळता येत नाय म्हणून तंबाखू पण सोडली. बायको मळून देते म्हणाली, तर नको. एवढी वर्षं मी त्या तंबाखूला शिव्या घातल्या, अन् आता, काय सांगू, त्याचं ते कोरडं तोंड बघवत नाय.

तर सोमवार. आज शनिवार. आज शेवटचा धडा – पोत्याच्या जागी जिवंत माणूस. प्रत्येकानं आपापला आणायचा. कुणी बायको आणतो, कुणी मित्र. एक चक्कर, आठचा आकडा, थांबवायची, बास, की तो सर्टिफिकेट देतो अन् शोरूमवाले गाडी सोडतात – लायसन शिकाऊ हाय अजून, पण एवढ्या पहाटे कोण अडवतंय. सगुणाला म्हणलं चल. म्हणाली, आधी दुसऱ्या कुणाला पाडा, मग मी बसते. राज सर म्हणतो, अंकल, मी नाय बसू शकत, मला बाहेरून बघायचंय. घाबरतो तो, सरळ सांगत नाय. अन् मल्हारी...

मल्हारी आलाय. तो टपरीच्या पलीकडं, कडुनिंबाला टेकून, उजवा हात खिशात – दिसला? मी बोलावलं नव्हतं. सगुणानं सांगितलं असणार. पण त्याला कसं बसवू मी? ताजं हाय ते अजून. त्यानं पकडायचं कशानं? अन् मी पाडली गाडी तर – मी दोनदा पाडलीय हो पोत्यासकट, पोतं फाटलं होतं एकदा, तिकडं वाळू सांडलेली हाय बघा अजून. पोतं शिवता येतं.

म्हणून म्हणलं, भाऊ. तुम्ही. एकच चक्कर. तुम्ही धडधाकट हात-पायवाले, पडलात तरी झाडून उठाल. अडला हरी अन् कुणाचे तरी पाय धरी म्हणतात – पुढचं नाय म्हणत मी, तुम्हाला नाय लागू ते. चहा पाजला म्हणून नाय म्हणत. हेल्मेट माझं घ्या, नवीन हाय, नव्या गाडीसाठी कालच आणलंय. हळू चालवीन. काय? पाठीचा त्रास? बसल्यापासून तर नाय दिसला तुमचा पाठीचा त्रास. घरी जायचंय? जा. नाय नाय, जा ना, कुणी धरलंय. एक गोष्ट सांगतो, ह्या नाशकात आता माणूसच राहिला नाय, सगळे –

काय रे. कशाला आलास इकडं उन्हात. बस तिकडं, मी येतो.

नाय, मल्हारी, मागच्या सीटवर कशाला चढलास? तू नाय. ह्यांना बसवतोय मी, हे बसणारेत – बसणार होते. ऐक माझं. उतर खाली. अजून खडबडीत चालते माझी, क्लच एकदम सुटतो. रस्ता वेगळा, इथं वळणं हायेत, विटा – सगुणानं तुला काय सांगितलं काय माहीत. उतर ना.

बरं.

बरं, बस. थांब, मी पुढं बसतो. पण असं नाय. मागच्या दांडीला नको धरू, माझ्या खांद्याला धर. दोन्ही हातांनी. दोन्ही म्हणलं मी. खिशातला काढ. काढ रे, इथं कोण बघतंय, हे एक हायेत, ते चाललेत. काढ. ठेव खांद्यावर. दाब. आणखी दाब, मला कळलं पाहिजे हाय म्हणून. दुखतंय? मग ठेव तसाच.

तुम्ही सरका भाऊ तिकडं. कप टपरीवर ठेवून द्या. मधे उभे राहू नका, मला समोरचं दिसू द्या.