सुहासचा डावा पाय

शैलजावैनी, मुरलीअण्णा, बसवराज, आणि आपापल्या दुकानांची शटरं अर्धी ओढून इथं आलेले सगळे,

मला बोलायचं नव्हतं. मुरलीअण्णांना मी फोनवर तसं सांगितलंही. ते म्हणाले, "पेपरात लिहितोस की रे तू. बोल चार शब्द." अण्णा, पेपरात मी लोकांची थट्टा करतो. पण हल्ली थट्टा करण्याजोगी माणसं कमी होत चालली आणि शोकसभा वाढत चालल्या. ही पांढरी बैठक, हा हार घातलेला फोटो, हा मध्येच खरखरणारा माइक. सगळं पाठ झालंय आता. दमलोय मी. तुमचे चेहरेही काही ताजे दिसत नाहीत.

माझ्या आधी बोलणारे म्हणाले, सुहासनं हुबळीचं नाव जगाच्या नकाशावर नेलं. नाही नेलं. उगीच कशाला खोटं बोलायचं त्याच्यासमोर? तो स्वतःच म्हणायचा, "जगाला हुबळी सापडत नाही आणि हुबळीला मी." इथं केशवापुरात रिक्षावाल्याला त्याच्या कंपनीचा पत्ता अजून 'कापडदुकानाच्या वर' असाच सांगावा लागतो. म्हणजे अण्णांच्या या दुकानात आपण बसलोय, त्याच्या बरोबर वर. खाली लुगडी आणि चादरी, वर सॉफ्टवेअर.

आत येताना दोघातिघांनी मला हळूच विचारलं, "तो नेमकं करत काय होता हो?" माणूस गेल्यावर विचारलंत. असो. सांगतो.

टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम असतो. त्याला हातात धरायचं बटणांचं यंत्र लागतं. सुहासची कंपनी ते हातातून काढून घेत होती. टीव्हीवर एक कॅमेरा. तो तुमच्याकडे बघतो. तुम्ही हात उचललात की पडद्यावरचा माणूस हात उचलतो, तुम्ही पळालात की तो पळतो. कॅमेऱ्याला दिसतं त्यातून माणसाची हालचाल ओळखायची, एवढंच काम. एवढंच, म्हणजे आयुष्य गेलं त्यात.

सुहासनं मुरलीअण्णांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी इथंच बसलो होतो, त्या गठ्ठ्यावर.

अण्णा म्हणाले, "म्हणजे विकायचं काय?"

"हालचाल," सुहास म्हणाला.

"मीटरवर का नगावर?"

हसा. हसायला हरकत नाही. अण्णाही हसताहेत बघा. वरची गोदामाची जागा मात्र त्यांनीच रिकामी करून दिली.

आता पायाचं सांगतो. सुहासचा डावा पाय तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. कॉलेजात असताना अळणावरच्या रस्त्यावर आमची स्कूटर घसरली. मी चिखलात पडलो, तो दगडावर. पाय जुळला, पण थोडा आखूड राहिला. तेव्हापासून त्याचं ते चालणं. डावं पाऊल टाकताना खांदा जरा खाली जायचा, जसं कुणी वाटेत ओळखीचं भेटलंय आणि हा मान लववतोय. जिन्यावरून आवाज आला की खाली दुकानात कळायचं, सुहास उतरतोय.

कंपनी सुरू झाली तेव्हा माणसं मोजकीच. सगळे संगणकाला चिकटलेले. मग कॅमेऱ्यासमोर उभं कोण राहणार? मालक. रिकामा तोच. चालायचा, बसायचा, वाकायचा, गोल फिरायचा, आणि यंत्र बघत बसायचं. त्या यंत्रानं 'माणूस' म्हणून पहिल्यांदा ज्याला ओळखलं, तो सुहास. म्हणजे माणूस हा डाव्या बाजूला जरा दबत चालणारा प्राणी आहे, अशी त्या यंत्राची समजूत झाली. आणि ही चूक वर कुणाच्याही ध्यानात आली नाही. का यावी? ते चालणं आम्हाला इतकं सवयीचं होतं की ते लंगडणं आहे, हेच विसरलो होतो आम्ही.

ध्यानात आलं ते परदेशातल्या पार्टीसमोर. गेमची यंत्रं बनवणारी मोठी कंपनी. त्यांनी तिकडे कॅमेरा लावला, इकडे आम्ही पडद्यासमोर. तिकडचा एक सहा फुटी गोरा ताठ चालत आला. आणि पडद्यावरचा बाहुला लंगडत आला. तो गोरा थांबला, पुन्हा चालला. बाहुला पुन्हा लंगडला. तो बिचारा वाकून स्वतःचेच पाय बघायला लागला.

मग संगणकावर बसलेला बसवराज हळूच म्हणाला, "सर, इदु निम्म नडिगे री." सर, हे तुमचं चालणं आहे.

सुहास हसला. इतका हसला की डोळे पुसायला लागला.

मग आठवतं ना, तुम्हा सगळ्यांना एकेक करून वर बोलावलं होतं? यंत्राला दुसरी माणसं दाखवायला. काय चाललात हो तुम्ही! कॅमेरा म्हटल्यावर निम्मे लोक परेडला निघाले, निम्मे सासरी. एकही जण माणसासारखा चालेना. शेवटी सुहासनं युक्ती काढली. तो म्हणायचा, "झालं, छान झालं, आता पलीकडे चहा ठेवलाय." आणि तुम्ही चहाकडे जायचात तेव्हा कॅमेरा चालूच असायचा. चहा हातात दिल्यावर तो सांगायचा, "आत्ताचं घेतलंय बरं का. नको असेल तर पुसतो." कुणी नको म्हणालं नाही. तर मंडळी, ते यंत्र माणसाचं चालणं शिकलंय ते केशवापूरकरांचं चहाकडे जाणं बघून.

काम सुधारलं. एकच गोष्ट राहिली. समोर टेबल आलं, सोफा आला, की खेळणाऱ्याचे पाय कॅमेऱ्याला दिसत नाहीत. मग यंत्र अंदाज बांधतं. आणि अंदाज बांधायचा झाला की ते आपलं सगळ्यात जुनं शिक्षण आठवतं. पाय दिसेनासे झाले की बाहुला पुन्हा सुहाससारखा चालायला लागतो.

ते तेवढं काढायचं होतं. सुहासनं बसवराजला कितीदा सांगितलं. बसवराज म्हणायचा, "उद्या करतो सर." आणि मग त्या सकाळी जिन्यावरच्या पावलांचा आवाज मध्येच थांबला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आता मुदत आली आहे. काम पूर्ण दिलं तर परदेशातली पार्टी घेईल, कंपनी राहील, वर काम करणाऱ्यांच्या नोकऱ्या राहतील. लंगडणारा बाहुला कुणी घेणार नाही. आणि बसवराजचा हात उठत नाही.

काल तो सुहासच्या घरी आला. मी तिथंच होतो. वैनींना म्हणाला, "अक्का, हे पुसलं तर सर कुठंच राहत नाहीत. मी काय करू?"

मी मध्ये तोंड घातलं. शहाणपणा सांगायची सवय. म्हणालो, राहू दे की! जगभरची पोरं केशवापूरच्या माणसासारखी चालतील, याहून झकास सूड तो काय? माझं वाक्य मलाच फार आवडलं होतं.

वैनींनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग बसवराजला म्हणाल्या, "मला दाखव."

त्यानं लॅपटॉप उघडला. रिकामी खोली, एक टेबल, आणि टेबलामागून चालणारा तो बाहुला. चेहरा नाही, कपडे नाहीत. पण खांदा खाली गेला आणि आम्हाला कळलं कोण ते. वैनींनी त्याला भिंतीपर्यंत जाऊ दिलं, परत येऊ दिलं. म्हणाल्या, "थंडीत रात्रभर शेकायला लागायचा तो पाय. तुम्हाला कधी सांगितलं नाही त्यांनी. तुम्हाला ते चालणं दिसायचं, मला दुखणं." मग म्हणाल्या, "काढ, बसवराज. तिथं तरी बरा होऊ दे."

पेपरवाल्याला इतकं साधं वाक्य सुचत नाही.

एकदा मी सुहासला विचारलं होतं, तुझ्या यंत्राला सगळ्यात अवघड काय जातं? पळणं? उडी? तो म्हणाला, "उभं राहणं. माणूस स्थिर कधी नसतोच रे. श्वास घेतो, या पायावरचं वजन त्या पायावर टाकतो. तेवढ्यावरूनच ओळखायचं, की समोर खुर्ची नाही, माणूस आहे."

तर उठा. थोडा वेळ सगळे गप्प उभे राहू. गुडघे दुखणाऱ्यांनी गठ्ठ्याला टेका. हललात तरी चालेल, त्याला सवय होती.

आणि बसवराज, हे झालं की तू वर जा. आम्ही खाली थांबतो.