दोनदा गाळलेलं पाणी

परभणीच्या स्टँडवर आम्ही झरीच्या गाडीच्या रांगेत होतो. माझ्या पुढच्या म्हातारीनं मागं वळून माझ्यामागच्या, हातात यंत्राची पेटी धरलेल्या माणसाला ओळखलं.

"साहेब, मागल्या म्हैन्यात आमच्या वस्तीचं पाणी तपासाया तुमीच आलता ना?"

"हो. चांगुणाबाई ना तुम्ही? पाणी चांगलं निघालं होतं की."

"हापशाला पेट्रोलचा वास अजून यायलाय."

"यंत्राचा काटा तर जरासुद्धा हलला नव्हता. मी तपासलं ते तुमच्या हंड्यातलं पाणी कधी भरलं होतं?"

"सकाळीच. साहेब पैल्यांदा आमच्या वस्तीत येनार म्हून हंडा चिंचेनं घासला. पाणी दोनदा गाळलं, गार व्हाया उघडं ठिवलं. तुमी आला दुपारी."

"बाई, गाळताना आणि उघडं ठेवलं की पाण्यातलं पेट्रोल उडून जातं. माझ्या यंत्राला सापडायला काही उरलंच नाही."

"मंग तवाच का न्हाई इचारलं?"

"गाडी धरायची होती. हापशापर्यंत आलोच नाही."

"तुमच्या कागदामुळं पाण्याचा टँकर बंद झाला, साहेब. म्हैनाभर समदी वस्ती तेच पेयलीय."

"आज हापशाखालीच बाटली भरतो. काठोकाठ भरून लगेच बूच लावतो."

"चला. हापसा मी मारते. आज तुमच्यासाठी पाणी गाळीत न्हाई."