भिंतीवरचा दत्तू

काय सांगू तुमाला, माझा जन्मच हलता. वडील कोयनानगरला धरणाच्या कामावर, आमी तिथल्या वसाहतीत पत्र्याच्या खोलीत, आन मी पोटातनं भाईर आलो त्याच साली तो मोठा भूकंप झाला. आई सांगायची, तुझ्या पाळण्याला झोका द्यायला माणूस लागलाच न्हाई, जिमीनच झोका देत व्हती. आता ह्यातलं खरं किती आन आईचं किती ते तुमी ठरवा, पर एक हाय, हलत्या जिमनीवर वाढलेल्या माणसाचा हात हलत न्हाई. मी दोरी न धरता शंभर फुटाची सरळ रेघ मारतो. एकदा तर एवढी सरळ मारली की मोजणीवालं आलं आन तिच्यावर आपली साखळी तपासून गेलं. लिवा, लिवा, हसू नका.

धरणावरचं काम संपलं तसं वडील आमाला घेऊन हिकडं विट्याच्या बाजूला, ह्या नगरपालिकेच्या गावात आलं. गावाचं नाव तेवढं लिवू नका, माणसं अजून जित्ती हायत. आमी बौद्ध, शेताचा तुकडा न्हाई, तवा हातात काय तरी कला असावी म्हणून मी पाट्या रंगवायला शिकलो. नाव सिद्धार्थ, पर सगळी सिदा पेंटरच म्हणत्यात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या केल्या, दुकानांच्या पाट्या केल्या, निवडणुकीत सगळ्या पक्षांची चिन्हं एकाच दिवशी एकाच ब्रशानं काढली आन एकाला बी कळू दिलं न्हाई. एका ट्रकच्या मागं मोर काढला व्हता, तो बघून खरी लांडोर औंधापर्यंत ट्रकमागं पळत गेली. डायव्हरला विचारा. आता तो डायव्हर हाय कुठं, ते मला ठावं न्हाई.

पर माझं मन ह्या गावात कवाच न्हवतं. हितनं घरटी एक माणूस गलाईला जातो. गलाई म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम, हिंदुस्थानात कुठल्या बी शहरात सराफकट्ट्याच्या मागं जावा, भट्टीम्होरं आपलाच माणूस बसलेला दिसंल. माझा शाळेतला दोस्त विलास, त्याचं त्रिचूरला दुकान. तो दिवाळीला आला की म्हणायचा, सिदा, चल माझ्यासंगं, दोन वर्सं भट्टी शिक, मग आपलं आपलं दुकान टाक, हितं जन्मभर दुसऱ्याचीच नावं रंगवत बसणार व्हय रं. माझी बायको कमल, तिनं तर ट्रंक भरूनच ठेवली. मी बी ठरवलं, ह्या दिवाळीला जायचं म्हणजे जायचं. आन तेवढ्यात ती भिंत आडवी आली.

नव्वद सालानंतरची गोष्ट. नगरपालिकेत एक नवीन साहेब आलं, त्यांनी योजना काढली, शहरातल्या मोठ्या भिंती रंगवायच्या, पर काय रंगवायचं ते त्या त्या वॉर्डानं सभा घेऊन ठरवायचं. आमच्या वॉर्डाला पाण्याच्या टाकीच्या कंपाउंडची भिंत आली, रस्त्याला लागून, एस.टी. स्टँडवरनं सुटलेली गाडी तिच्या अंगाला घासूनच जाती. सभा कसली, बाजारच तो. एक म्हणतोय वाघ काढा, एक म्हणतोय ऊस काढा, पेन्शनीवर आलेलं सुभेदार म्हणलं रणगाडा काढा, आन त्याचं तोंड शेजारच्या वॉर्डाकडं करा. शेवटी एक म्हातारं मास्तर उठलं आन म्हणलं, आरं, देव काढला तर भांडाल, पुढारी काढला तर त्याच्यावर थुंकाल, त्यापरीस आपण सगळीच बसू की भिंतीवर. घरटी एक चेहरा. साहेबांना ते एवढं आवडलं की त्यांनी कागदच केला, घरटी एक चेहरा, आन ज्या घराचा चेहरा त्यानं खाली ओल्या रंगात आंगठा उठवायचा, म्हणजे हे आमचंच म्हणून कबूल. एक घर जरी ऱ्हायलं तरी काम अपुरं. मी म्हणलं, हात्तिच्या, दिवाळीच्या आत उरकतो आन विलासच्या गाडीत बसतो.

टाकीम्होरं स्टूल ठेवलं, एकेक जण येऊन बसाय लागला. काय सांगू त्या तऱ्हा. सुभेदार बसलं ते सावधान करूनच बसलं, मिशी एवढी वाढवून मागितली की शेजारच्या घराच्या हद्दीत गेली, तर ते शेजारी कागद घेऊन नगरपालिकेत. दोघं सख्खं भाऊ, बांधावरनं बोलणं बंद, त्यांना एकमेकांकडं पाठ करून काढायची अट. एकीनं नथ मागितली, घरात न्हाई तर भिंतीवर तरी घाल म्हणली. घातली. माझी एक खासियत हाय, डोळं मी सगळ्यात शेवटी काढतो, आन असं काढतो की तुमी कुठनं बी बघा, ते तुमच्याकडंच बघत्यात. एक चोर त्या भिंतीवरनं उडी मारायला आला आन एवढी माणसं आपल्याकडं बघत्यात म्हणून आपणहून चौकीत जाऊन बसला.

सगळी घरं झाली आन एक ऱ्हायलं. आनसाआक्काचं. आक्का एकटी बाई, नवरा कवाच गेलेला, शेंगा फोडायच्या कामाला जायची. ती स्टुलावर बसंना. म्हणली, माझं नगं, माझ्या दत्तूचं काढ. आता दत्तू तिचा एकुलता एक, चौदाव्या वर्सी एका गलाईवाल्यासंगं दक्षिणेत गेला, ते दुकान बंद पडलं, मालक मेला, आन पोरगा कुठं गेला त्याचा पत्ता न्हाई. नऊ वर्सं झाली. फोटो एक न्हाई. मी म्हणलं, आक्का, कसा दिसायचा ते सांगा, मी काढतो. ती सांगायची, नाक नाकासारखं, डोळं चांगलं डोळ्यासारखं. मी खडूनं चेहरा काढायचा, तिनं लांब हुबं ऱ्हाऊन बघायचं, आन पदराचा शेव भिजवून पुसून टाकायचं. न्हाई, ह्यो न्हाई. असं अकरा येळा झालं. ह्यात मी एक बी वाढवून सांगत न्हाई. हिकडं विलास रोज सायकल घेऊन यायचा, झालं का रं, चार दिवसांवर निघायचंय.

तवा मी ती चूक केली. लबाडी म्हणा. मी म्हणलं, आक्का, तुमाला सांगायचं न्हवतं, पर मागल्या वर्सी मी विलासकडं त्रिचूरला गेलतो, तिथं मला तुमचा दत्तू दिसला. मी मिरजेच्या पलीकडं पाय टाकलेला न्हाई, पर तोंडाला कुठं तिकीट लागतं. म्हणलं, झ्याक हाय, आता बाप्या झालाय, तुमी सांगताय तसा बारका न्हाई ऱ्हायला, तवा मी बघितलाय तसा काढतो. ती गपकन खाली बसली. म्हणली, काढ.

आता काढू काय? डोळ्याम्होरं चेहरा नगं का? मग दाढीचा आरसा आणला, टाकीच्या नळाला अडकवला, आन त्यात बघून काढला. माझंच तोंड. भिवया जाड केल्या, मिशी वळवली, केस उलटं फिरवलं, म्हणलं कोण वळखतंय. आक्का आली. लय येळ हुबी ऱ्हायली. एकदा भिंतीकडं, एकदा माझ्याकडं. मग तिनं आंगठा रंगात बुडवला आन भिंतीवर दाबला. व्हय म्हणली, ह्योच.

काम झालं, साहेबांनी नारळ फोडला, मी घरी येऊन कमलला म्हणलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आक्का. हातात डबा आन कापडात गुंडाळलेला स्वेटर. म्हणली, तू त्रिचूरलाच चाललायस न्हवं, एवढं दत्तूला दे, शेंगदाण्याचं लाडू हायत, आन येताना त्याच्या हातची दोन अक्षरं घेऊन ये.

आता बोला. गेलो तर दत्तू कुठनं आणू? न्हाई गेलो तर काय सांगू? मी म्हणलं, आक्का, आवं माझं जरा पुढं गेलंय, विलास निघालाय, त्याच्याकडं देतो. विलास गेला, मी ऱ्हायलो, आन लाडू मी टाकीच्या मागं बसून खाल्लं. स्वेटर रंगाच्या पेटीत दडवला. त्रिचूरच्या उकाड्यात स्वेटर, गड्या.

मग रोजचंच झालं. मी कुठं बी शिडी लावलेली असू दे, खाली आक्का. काय खातो रं तिथं? भात खातो. भाकरी मिळत न्हाई व्हय? मिळती, त्यानं तवा नेलाय. लग्न केलं का? आता न्हाई म्हणावं तर हिनं हितं मुलगी बघायला सुरवात केली असती, म्हणून म्हणलं, केलं. एक लबाडी झाकायला दुसरी, करत करत मी त्याला बायको दिली, पोरगी दिली, चौकात दुकान दिलं, दुकानावर माझ्याच हातची मराठी पाटी दिली. मला जे पायजे व्हतं ते सगळं दत्तूला मिळत गेलं आन मी शिडीवर. वॉर्डातली माणसं बी विचाराय लागली, सिदा, दत्तूचं कसं काय? कमल तेवढी घरात टोमणा मारायची, त्या दत्तूच्या बायकूला म्हणावं, एक खोली आमाला बी ठेव.

दुसऱ्या दिवाळीला परत डबा. तिसऱ्या दिवाळीला परत डबा, आन आक्का म्हणली, आता दत्तू जरा भरला असंल, गाल वर घे. घेतलं. त्या साली विलास स्टुलावर बसून सरळ बोलला, सिदा, ह्या खेपंला आलास तर आलास, न्हाईतर मी दुसरा माणूस ठेवतो. कमल म्हणली, जावा आन त्या म्हातारीच्या पायावर डोकं ठेवून खरं सांगा, न्हाईतर मी एकटी त्रिचूरला जाती.

गेलो. आक्का दारात सुपात शेंगा निवडत बसलेली. मी चौकटीला धरून हुबा ऱ्हायलो आन म्हणलं, आक्का, मी त्रिचूर बघितलेलं न्हाई. दत्तू बी बघितलेला न्हाई.

तिनं सूप खाली ठेवलं न्हाई. म्हणली, ठावं हाय मला. तुझं तोंड मला वळखू येत न्हाई व्हय रं?

मी म्हणलं, मग तीन वर्सं लाडू?

लाडू तुझ्यासाठीच करत व्हते, म्हणली. दत्तूला शेंगदाणं चालायचंच न्हाईत, खाल्लं की अंगभर गांधी उठायच्या. तू बोलत ऱ्हायलास म्हणून ऐकत ऱ्हायले. नऊ वर्सांत त्याचं नाव दुसरं कुणी तोंडातनं काढलं न्हवतं. आता जा तू. भिंतीवरचा तेवढा ऱ्हाऊ दे.

असं मोकळं सोडलं हो मला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, शिव्या खाऊन माणूस ताठ मानेनं जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळची मिरजेची एस.टी. कमल खिडकीला, ट्रंक मांडीवर, विलास मागच्या बाकावर. गाडी स्टँडवरनं सुटली आन भिंतीला लागली. मी ठरवलं व्हतं, मान खाली घालून बसायचं. पर डोळं कुणी काढल्यात? मीच. सुभेदार बघतंय, मास्तर बघतंय, नथवाली बघती, एक सुटत न्हाई. आन शेवटाला दत्तू. त्याचा एक डोळाच न्हवता. टाकीचं पाणी पाझरून पोपडा सुटलेला, डोळा आन अर्धा गाल खाली गटारात. बाकी सगळी भिंत धडधाकट, तेवढंच तोंड गेलेलं.

मी घंटीची दोरी वढली. कंडक्टर म्हणला, काय रं सिदा, ईसरलास काय? म्हणलं, दहा मिनटाचं काम हाय. कमल म्हणली, आवं, त्याला बघू द्या एका डोळ्यानं. पर तवर मी खाली. ती शिव्या देत ट्रंक घेऊन उतरली आन रस्त्याकडंला ट्रंकवरच बसली. विलासनं खिडकीतनं बघितलं, हात केला न्हाई. मी म्हणलं, तू हो म्होरं, दोनच्या गाडीनं येतो, मिरजेला गाठतो. पोपडं खरवडलं, खड्डा बुजवायचं लुकण भरलं, आरसा आणला. दोनची गाडी आली आन गेली, लुकण वाळलं न्हवतं.

त्याला झाली की चार वर्सं. विलासनं दुसरा माणूस ठेवला, त्याचं आता सेलमला सवताचं दुकान हाय म्हणं. ते सेलमबी मी बघितलेलं न्हाई. ट्रंक घरात हाय, वर रंगाचं डबं ठेवतो. दर पावसाळ्यानंतर त्या टाकीचं पाणी नेमकं तिथंच पाझरतं, भिंत एवढी लांब, पर त्याला तेवढीच जागा सापडती. कमल म्हणती, पाणी न्हाई, तुमीच रातचं खरवडता.

परवा आक्का आली, आता काठी टेकत येती, स्टुलावर बसली आन लय येळ माझ्याच तोंडाकडं बघत ऱ्हायली. म्हणली, सिदा, तुझी कानशिलं पांढरी झाली की रं. म्हणलं, टर्पेंटाइननं व्हत्यात, आक्का. म्हणली, मग त्याची बी कर.

आरसा नळाला अडकवला, बारका ब्रश घेतला, आन दोन्ही कानशिलांवर पांढऱ्या रेघा वढल्या. तिनं लांबनं बघितलं, जवळनं बघितलं, डबा माझ्या हातात दिला आन म्हणली, खा, आन बायकूला बी दे, सुखी ऱ्हावा. तेवढ्यात दोनची गाडी भिंतीला घासून गेली. त्यातलंच हे शेंगदाण्याचं लाडू, तुमी बी घ्या एक.